बसून पाहण्याचे गाव : मार्कंडा

निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर हल्ली तुर्कस्तानचा विषय वरचेवर निघतो. कोणाचा तरी मुलगा आई-वडिलांना इस्तंबूलला घेऊन गेलेला असतो, कोणी कॅपाडोसियाच्या आकाशातील रंगीत फुगे भ्रमणध्वनीवर दाखवतो, कोणी आया सोफियाच्या घुमटाखाली मान वर करून उभा असलेला दिसतो. इ.स. ५३७ मध्ये बांधून झालेल्या त्या वास्तूचा घुमट आजही माणसाला लहान करून टाकतो, यात संशय नाही. गुडघे धड असतील, खिशाला झेपत असेल आणि सोबतीला शांत स्वभावाचे कोणी असेल, तर अवश्य जावे. मात्र ‘नऊ दिवसांत सात शहरे’ अशा सहलींचे वेळापत्रक पंच्याहत्तरीच्या माणसासाठी आखलेले नसते. पहाटे पेटी दाराबाहेर, सात वाजता बस, दुपारी रांग, संध्याकाळी खरेदी. त्या देशातील सर्वांत सुंदर रीत अशा प्रवासात दिसतही नाही. तुर्की घरांत सणाच्या दिवशी धाकटी माणसे वडीलधाऱ्यांच्या हाताचे चुंबन घेतात आणि तोच हात आपल्या कपाळाला लावतात. आपल्या वाकून नमस्कार करण्याची ही सख्खी बहीणच म्हणायची. पण ती पाहायची तर कोणाच्या तरी घरी, चहाचा नाजूक पेला हातात धरून, निवांत बसावे लागते. बसमध्ये ती भेटत नाही.

त्याच तुर्कस्तानात पामुक्काले नावाचे ठिकाण आहे. या शब्दाचा अर्थ कापसाचा किल्ला. गरम झऱ्यांच्या पाण्यातील चुना हजारो वर्षे साचत जाऊन डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या तयार झाल्या आहेत. दुरून पाहिले तर वेचणीनंतर कापसाचे ढीग घातल्यासारखे दिसते. माथ्यावर हायरापोलिस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. रोमन काळात लोक तिथे ‘स्थळे पाहायला’ जात नसत, राहायला जात. सांधे दुखणारे, थकलेले, म्हातारे लोक त्या ऊन पाण्यात रोज डुंबत. त्यांतले काही बरे होऊन परतत, काही तिथेच देह ठेवत. म्हणूनच त्या नगराच्या वेशीबाहेर हजाराहून अधिक थडगी असलेली विस्तीर्ण दफनभूमी आहे. आरोग्यधाम आणि स्मशान एकमेकांच्या शेजारी, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नव्हते. ती दफनभूमी वाचताना मला आपल्याकडची एक जागा सारखी आठवत राहिली, जिथे वाहते पाणी आहे, दगड आहे, आयुष्य आणि मृत्यू यांची एकत्र सांगितलेली कथा आहे, आणि पाहण्यापेक्षा बसणे महत्त्वाचे आहे. ती जागा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा.

गडचिरोली हे नाव काढताच शहरातील नातेवाइकांच्या भुवया उंचावतात. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांतून त्याचे जे चित्र मनात बसले ते घनदाट अरण्य आणि चकमकी यांचेच. मार्कंडा चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, धानाच्या मोकळ्या पट्ट्यात आहे. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असे करत गडचिरोलीपर्यंत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, तिथून चामोर्शी आणखी तीसेक किलोमीटर आणि पुढे जवळच मार्कंडा. रेल्वेने यायचे तर गोंदिया–बल्लारशाह मार्गावरील मूल हे स्थानक सोयीचे. रस्त्याची स्थिती आणि परिसरातील वातावरण यांची निघण्याआधी चौकशी करावी, तेवढे पुरे.

वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून खाली येते आणि पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. एवढ्या लांबच्या प्रवासात तिची सर्वसाधारण वाट दक्षिणेकडची. पण मार्कंड्याशी ती वळण घेते आणि उत्तरेकडे वाहू लागते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानण्याची आपली जुनी श्रद्धा आहे. काशीची गंगा उत्तरवाहिनी, म्हणून मार्कंडा ही विदर्भाची काशी. श्रद्धा बाजूला ठेवली तरी हे वळण पाहण्यासारखे आहे. आपण ज्या दिशेने नदीबरोबर आलो त्याच दिशेला ती जणू मान वळवून मागे पाहते. हिवाळ्यात पाणी निवळलेले असते, मधूनच वाळूचे पट्टे उघडे पडलेले असतात, आणि ऊन इतके कोवळे की दहा वाजेपर्यंत उठावेसे वाटत नाही.

काठावर दगडी आवारात मंदिरांचा समूह आहे. पूर्वी इथे चोवीस मंदिरे होती असे सांगतात. आज काही उभी आहेत, काहींचे जोते आणि विखुरलेले दगड उरले आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात या भागात फिरले, तेव्हा त्यांनी या मंदिरांची तपशीलवार नोंद केली. मंदिरे साधारण दहाव्या-अकराव्या शतकातील मानली जातात. मुख्य मंदिर मार्कंडेश्वराचे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या ओळी एकावर एक चढत गेल्या आहेत: शिव-पार्वती, सुरसुंदरी, वादक, हत्ती, व्याल. यामुळेच ‘विदर्भाचे खजुराहो’ हे नाव पडले. मला ही उपमा फारशी रुचत नाही. कोणत्याही जागेला दुसऱ्या जागेची प्रत म्हटले की डोळे मूळ शोधू लागतात आणि समोरचे निसटते. वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचे पूर्वीच मोठे नुकसान झाले होते आणि त्याची डागडुजी गोंड राजवटीत झाली, असे सांगतात. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. त्यामुळे काही भागाभोवती परांची किंवा मांडून ठेवलेले, क्रमांक घातलेले दगड दिसले तर हिरमुसू नये. एरवी पन्नास फूट उंचीवर असलेली कोरीव शिळा डोळ्यांच्या पातळीवर पाहायला मिळणे, हे मान वर करता न येणाऱ्या माणसाचे भाग्यच.

आता कथा. मृकंड ऋषींना मूल नव्हते. शंकराने प्रसन्न होऊन विचारले: दीर्घायुषी पण मंदबुद्धी मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षांचा? ऋषींनी गुणी मुलगा मागितला. तोच मार्कंडेय. सोळावे वर्ष भरले त्या दिवशी तो शिवलिंगाला मिठी मारून बसला. यमाने पाश टाकला. तो मुलाबरोबर लिंगावरही पडला. लिंगातून शंकर प्रकटले आणि त्यांनी यमाला लाथेने लोळवले. मार्कंडेय चिरंजीव झाला, कायमचा सोळा वर्षांचा. ही घटना इथेच घडली, असे या पंचक्रोशीत सांगतात. तमिळनाडूतील तिरुक्कडैयूरचे लोक ती आपल्या गावची मानतात. तिथल्या देवळात साठी आणि ऐंशीचे विधी करण्यासाठी दूरदूरहून जोडपी येतात. आपल्याकडच्या सहस्रचंद्रदर्शनाचाच तो एक प्रकार. त्याच दक्षिणी परंपरेत कथेचा एक पुढचा भागही सांगितला जातो. यम पडला आणि पृथ्वीवर मरणच थांबले. जन्म होतच राहिले, जाणारे कोणी नाही. भूमीला भार असह्य झाला. शेवटी देवांच्या विनवणीवरून शंकरांनीच यमाला पुन्हा उठवले आणि कामावर पाठवले. मार्कंड्याच्या आवारात मृकंड ऋषींच्या नावाचे मंदिर आहे तसे यमधर्माच्या नावाचेही आहे. हरलेल्यालाही तिथे घर आहे.

माझ्या आईचे माहेर मूलजवळचे. लहानपणी ती घरच्या बंडीतून महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला जात असे. लग्नानंतर पुण्यात आली आणि साठ वर्षे जाणे झाले नाही. ऐंशी पूर्ण झाल्यावर भावाने मोठा समारंभ करायचे ठरवले तेव्हा ती म्हणाली, “मला एकदा वैनगंगा दाखवा, बाकी काही नको.” तिच्या दोन्ही गुडघ्यांत संधिवात, मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब गोळ्यांवर. घरात दोन आठवडे चर्चा झाली. वाटेत काही झाले तर? तिकडे दवाखाने कसे? खरे सांगायचे तर आमच्या ‘काही झाले तर’ या शब्दांत जे दडले होते, ते कोणी उच्चारत नव्हते. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, आणि डिसेंबरात आम्ही तिघे निघालो.

सकाळच्या उन्हात घाटाच्या वरच्या पायरीवर घडीची खुर्ची मांडून ती बसली. पुजाऱ्यांच्या घरची एक बाई जवळून जाताना थांबली. “बसा माय, घाई कायची?” एवढे म्हणून पुढे गेली. भावाने तिला कथा पुन्हा सांगायला लावली. तिने अगदी शाळेतल्यासारखी सांगितली, यमाच्या लाथेपर्यंत. मग थोडा वेळ नदीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मार्कंडेयाचं सोळावं होतं. माझं एक्क्याऐंशीवं चालू आहे. मला न्यायला आला तर तुम्ही शंकराला आड घालू नका.”

भाऊ हसला, पण त्याचे डोळे भरून आले. नंतर मात्र आम्ही तिला विचारू शकलो. अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वासोच्छ्वास, नळ्या, यांबद्दल तिचे म्हणणे काय? तिची उत्तरे तयार होती. फक्त आजवर कोणी विचारले नव्हते. घरी हा विषय काढला की दुसऱ्या खोलीतून कोणीतरी “अशुभ बोलू नका” म्हणते. ज्या जागेची कथाच यमाची आहे, तिथे तसे म्हणणार कोण? परतल्यावर आईने आपले वैद्यकीय इच्छापत्र लिहून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन एवढे आता पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावे त्यात द्यावी लागतात. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे त्यांनी हे माहीत करून घ्यावे, आणि शक्यतो ताप चढलेल्या रात्री नव्हे, अशा एखाद्या निवांत सकाळी.

आता प्रकृतीच्या गोष्टी, कारण काळजी घेणाऱ्याचे अर्धे लक्ष तिकडेच असते. मार्कंड्याला जाण्याचे दिवस म्हणजे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. महाशिवरात्रीची जत्रा मोठी. तेलंगण आणि छत्तीसगडमधूनही लोक येतात. तिचे वर्णन ऐकावे, वृद्धांना घेऊन त्या गर्दीत शिरू नये. उन्हाळ्याचा तर विचारच नको. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना तरुणांनाही झोपवतो. मुक्काम गडचिरोलीत ठेवावा. तिथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, औषधांची दुकाने आहेत, आणि सकाळी नाश्ता करून निघाले तरी ऊन चढण्याआधी मंदिरात पोहोचता येते.

पायांकडे विशेष लक्ष द्यावे. पामुक्कालेच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांवर पादत्राणे काढूनच चालावे लागते आणि आपल्या देवळांतही तोच नियम. मधुमेहाने तळपायाची संवेदना बोथट झालेल्या व्यक्तीला दगड किती तापला आहे, खडा किती टोकदार आहे, हे कळत नाही. फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. जाड सुती मोजे घालून जावे, अकराच्या आत दर्शन उरकावे, आणि रात्री मुक्कामी आल्यावर दोन्ही तळवे उजेडात नीट तपासावेत. बोटांच्या बेचक्यासुद्धा. काठीच्या टोकाचे रबर झिजलेले असेल तर निघण्यापूर्वी बदलावे. जुन्या दगडी फरशीवर गुळगुळीत काठी ही काठी नसल्यापेक्षा वाईट. मंदिराचे उंबरे उंच असतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

वाटेत लघवीला जावे लागेल म्हणून वृद्ध माणसे, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणे थांबवतात आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळीही गुपचूप टाळतात. दोन्ही गोष्टी घातक. प्रवासाच्या दिवशी ती गोळी किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारावे. बहुधा वेळ पुढे-मागे करता येते. थांबे ठरवून घ्यावेत: नागभीड, आरमोरी, चामोर्शी. संकोचाचा हा विषय मुलांनी आपणहून काढावा, आईने काढण्याची वाट पाहू नये. औषधे पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत, इन्सुलिन असेल तर थंडावा राखणाऱ्या डब्यात ठेवावे. गाडीत दर तासाला घोटे फिरवावेत, दोन तासांनी उतरून चार पावले चालावे.

आणखी एक. हा जिल्हा हिवतापाचा आहे. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री मच्छरदाणी. परतल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आला तर “प्रवासाचा शीण” म्हणून अंगावर काढू नये. गडचिरोलीला जाऊन आलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगून रक्त तपासून घ्यावे. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ संस्थेमार्फत आरोग्याचे जे काम उभे केले आहे, ते आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. आरोग्याच्या पानांवर गडचिरोलीचे नाव असे दोन्ही अंगांनी येते.

जेवणाची चिंता करू नये. हा भाताचा मुलूख आहे. नव्या तांदळाचा मऊ भात, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी: दात नसलेल्यालाही चालेल आणि पोटालाही. साखर ज्यांना सांभाळायची आहे त्यांनी भाताचा हात आखडता ठेवावा, हे सांगायला नकोच; नव्या तांदळाचा वास मात्र घ्यायला कोणाची हरकत नाही. डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत धानाचे पुंजणे रचलेले दिसतात. आई प्रत्येक गावाशी गाडी हळू करायला सांगे आणि पुंजण्यांवरून कोणाचे पीक चांगले आले ते ठरवी. तिने सांगितलेले आम्ही पडताळून पाहिले नाही.

मार्कंड्याहून पुढे चपराळ्याचा संगम आहे, आलापल्लीचे जंगल आहे, सिरोंचा आहे. परतीच्या वाटेवर चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि त्याचे दरवाजे आहेत. तरुण मंडळी यादी काढून बसतात. आमचा अनुभव असा की दोन सकाळी एकाच घाटावर काढाव्यात. पहिल्या दिवशी डोळे मूर्ती मोजत राहतात. दुसऱ्या दिवशी एखादीच मूर्ती निवडून तिच्यासमोर बसता येते. आईने एका ढोल वाजवणाऱ्यासमोर खुर्ची ठेवायला सांगितली. त्याच्या हाताची बोटे झिजून गेली आहेत, मान मात्र तालावर कललेली आहे. ती पाऊण तास बसली. तेवढ्या वेळात आम्ही सगळे आवार पाहून आलो होतो आणि आम्हाला त्यातले थोडेच आठवते.

संध्याकाळ रिकामी राहत असेल तर एक गोष्ट जरूर विचारावी: जवळपास कुठे नाटक आहे का? दिवाळीनंतर या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, लेकी-सुना, पाहुणे जमतात आणि रात्री नाटक होते. देसाईगंज म्हणजे वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. तिथल्या कंपन्या हिवाळाभर फिरतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांना ही रंगभूमी आहे हे पहिल्यांदा कळले. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. वृद्धांना एवढे जागरण झेपणार नाही. शाल, कानटोपी, पाठीला उशी घेऊन पहिला अंक पाहावा आणि उठून यावे, असे आम्ही ठरवून गेलो होतो. गावकऱ्यांनी आईला पुढे, शेकोटीजवळ जागा दिली. शेजारच्या दोन आज्यांनी तिचे माहेर विचारले, मग त्या माहेरातली माणसे विचारली, आणि त्यांतली निम्मी त्यांच्या ओळखीची निघाली. पहिला अंक संपला. भावाने घड्याळ दाखवले, गोळीची आठवण केली. आईने गोळी मागून घेतली, पाण्याच्या घोटाबरोबर तिथेच गिळली, आणि पडद्याकडे पाहत म्हणाली, “खलनायकाचं काय होतं ते कळल्याशिवाय मी हलणार नाही.”